भिंतीवरची बाही

महिनाभर दुकान उलथंपालथं करूनही धाकटीला जी बाही मिळाली नव्हती, ती तिला मिळाली कलादालनाच्या भिंतीवर. काचेआड, जाड काळ्या चौकटीत, वर स्वतंत्र दिवा लावलेली. खाली पट्टीवर लिहिलं होतं, ‘इस्त्री, हिरवी. छापचित्र, शिवण व छिद्र.’

धाकटीने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. हातातला ज्यूसचा ग्लास शेजारच्या एका अनोळखी गृहस्थांना धरायला दिला आणि ती चित्राच्या इतकी जवळ गेली की काचेवर वाफ धरली. शंकाच नको. कोटाच्या बाहीच्या कागदी नमुन्याचे दोन भाग, वरची बाही आणि खालची बाही, आणि ज्या कागदातून त्या कापल्या होत्या तो उरलासुरला कागद, असं सगळं मशीनवर नारिंगी दोऱ्याने जोडून त्याची पुन्हा एक अख्खी इस्त्री केलेली होती. छिद्र म्हणजे दुकानातल्या खिळ्याचं भोक.

“विलक्षण आहे, नाही?” ते गृहस्थ दोन्ही हातांत दोन ग्लास धरून म्हणाले. “ती नारिंगी शिवण मला तर जखमच वाटते.”

“जखम कसली डोंबलाची,” धाकटी म्हणाली. “बाही आहे ती माझी.”

गृहस्थ अंमळ मागे सरकले. चित्रं बघताना लोक काहीबाही बोलतात याची त्यांना सवय असावी.

हा चित्रकार जगाला माहीत होण्याआधी धाकटीच्या वडिलांच्या, म्हणजे मास्तरांच्या, टेलरिंगच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचा. दुकानातली इस्त्री चित्र काढायला म्हणून वर घेऊन गेला आणि सबंध हिवाळा त्याने ती परत केली नाही. मास्तरांनी गिऱ्हाइकांच्या पँटी गादीखाली घालून सरळ केल्या. खोली सोडताना त्याने तीच इस्त्री सहा रंगांत छापलेले सहा मोठाले कागद मास्तरांच्या गळ्यात मारले. म्हणाला, सांभाळा. मास्तरांनी ते कपाटावर टाकले. पुढे तो थोर झाला, त्याच्या साबणाच्या वड्या, बल्ब आणि बूट मोठमोठ्या संग्रहालयांत जाऊन बसले, तरी कपाटावरच्या गुंडाळीकडे बघायला घरात कुणाला सवड झाली नाही. त्यातली हिरवी इस्त्री तेवढी कामाला आली. कागद जाड होता, दुमडत नव्हता. त्यातून कोटाच्या बाहीचा नमुना कापला गेला आणि तो खिळ्यावर लटकत राहिला.

त्या बाहीवर दुकान उभं होतं. एरवी कोट घातलेल्या माणसाने हात वर केला की अख्खा कोट खांद्यावर चढतो आणि माणसाची मान कासवासारखी आत जाते. या दुकानाचा कोट घालून हात आभाळाला लावा, कोट जागचा हलायचा नाही. त्यामुळे हात वर करण्यावर ज्यांचं पोट चालतं ती सगळी मंडळी, म्हणजे व्हायोलिनवाले, फळ्यावर लिहिणारे, चौकातले पोलीस आणि भाषणं ठोकणारे, इथेच यायची. शहरभर तिला ‘मास्तरांची बाही’ म्हणत. मास्तर गेले, वाटण्या झाल्या, थोरल्या भावाने राहतं घर घेतलं आणि धाकटीने दुकान. बाही कापडावर ठेवायची, भोवतीने खडू फिरवायचा आणि कापायचं. यापलीकडे त्या बाहीचं मर्म धाकटीला कधी कळलं नव्हतं, आणि कळायची गरजही पडली नव्हती.

आता दुकानात एका वाद्यवृंदाचे कोट आले होते, सगळ्या वादकांचे. नमुना नाहीसा झाल्यावर धाकटीने अंदाजाने बाही कापली. तो कोट घालून वृंदाच्या संचालकांनी परवा छडी उचलली, तर कॉलर त्यांच्या कानांना लागली. सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर आम्ही तयार कोट घेऊ, असं ते सांगून गेले. वाद्यवृंद गेला की मागोमाग बाकीचेही जाणार आणि दुकानाला कुलूप लागणार, हे धाकटीला लख्ख दिसत होतं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघांकडे तिने कोट उसवायलासुद्धा मागितला. दोघांनीही कोट छातीशी धरला आणि विषय बदलला.

आणि बाही इथे, दिव्याखाली, मजेत.

थोरल्याने बहिणीला त्या चित्रासमोर पाहिलं आणि लगेच पाठ फिरवली. हिरवी इस्त्री पार शेवटच्या कोपऱ्यात लावा असं त्याने क्युरेटरबाईंना परोपरीने सांगितलं होतं. बाईंनी ती बरोबर दारासमोर टांगली आणि बाकीच्या पाच इस्त्र्या, गुलाबी, पिवळी, निळी, लाल आणि काळी, तिच्या दोन्ही बाजूंना लावल्या.

“दादा.”

“अगं, आलीस! ज्यूस घेतलास का?”

“चल जरा बाजूला.”

बाजूला म्हणजे स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ. तिथे घडीच्या खुर्च्या, फरशी पुसायचे दांडे आणि प्रदर्शनाच्या उरलेल्या पोस्टरांचे गठ्ठे ठेवलेले होते.

“बाही इथे कशी आली?”

“हळू बोल. समीक्षक आलेत.”

“समीक्षक गेले खड्ड्यात. महिनाभर मी आपल्या इस्त्रीवाल्याला चोर म्हणतेय. बिचारा काम सोडून गेला माझ्यापायी. उंदरांनी नेली म्हणून सगळ्या दुकानात औषध टाकलं. आणि तू? तू रोज संध्याकाळी येऊन विचारायचास, ‘सापडली का गं?’”

“काळजी वाटायची म्हणून विचारायचो.”

“काळजी!”

“हे बघ, क्युरेटरबाई म्हणाल्या, संच पूर्ण असेल तर या दालनाला बाबांचं नाव देऊ. पाचच असतील तर नुसतं आभाराचं पत्र. मी काय करायला हवं होतं?”

“मला विचारायला हवं होतं.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“अर्थात!”

“मग?”

थोरल्याला यात खरोखर काही वावगं दिसत नव्हतं. विमा विकून विकून त्याचा असा ग्रह झाला होता की नकार येणार असेल तिथे प्रश्नच काढू नये. पण आज त्याच्या अंगात विमा एजंट नव्हता. लहानपणी मास्तरांनी भर गिऱ्हाइकांत सांगितलं होतं, याच्या हातात कात्री देऊ नका, स्वतःचंच नाक कापून ठेवील. सगळे हसले, तोही हसला, आणि मग वर गच्चीवर जाऊन रडला. त्यानंतर ही बाही नेईपर्यंत त्या दुकानात त्याने कशाला म्हणून हात लावला नव्हता. आजही त्याच्या अंगावरचा सूट मॉलमधला होता, आणि तो बगलेत काचत होता.

“दगडात कोरलंय बाबांचं नाव,” तो म्हणाला. “जन्मभर तोंडात टाचण्या धरून बसलेल्या माणसाचं नाव, दगडात! आणि हे मी केलं. तू नाही. मी.” बोलताना त्याचा आवाज चिरकला.

“छान. बाबांचं नाव दगडात आणि बाबांच्या दुकानाला टाळं. ती चौकट खाली उतरव.”

“नाही उतरवता येत. आता ती दालनाची झाली.”

“मग मी उतरवते.”

“तुम्हा दोघांचा आवाज बाहेर येतोय,” मागून वहिनी म्हणाली.

वहिनी शाळेत मुख्याध्यापिका. बोळात दोन माणसं उभी दिसली की त्यांना जाब विचारायचा ही तिची रोजची नोकरीच होती. वाटण्यांपासून तिचं धाकटीशी बोलणं चहा हवा का, नको, एवढ्यावर आलं होतं.

“वहिनी, तुला ठाऊक होतं? दुकानातून बाही चोरून आणलीय याने.”

“चोरून कशाला? तूच दिलीस ना? हे म्हणाले, धाकटी म्हणाली घेऊन जा खुशाल, मला आता ती पाठ झालीय.”

आत कुणीतरी माईकवर ‘हॅलो, हॅलो’ करत होतं.

“अहो,” वहिनी म्हणाली. घरी हे अशा आवाजातलं ‘अहो’ आलं की थोरला निमूट चहा टाकायला उठायचा. इथे उठून जायला जागा नव्हती.

“मी सांगणारच होतो.”

“कधी?”

“योग्य वेळी.”

वहिनीचा हिशोब सरळ होता. नणंद कितीही फटकळ असली तरी तिने आपल्याला कधी फसवलं नव्हतं. फसवणाऱ्याशी तर आपण लग्न केलं होतं. ती नवऱ्याच्या शेजारून निघाली आणि नणंदेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वाटण्यांच्या वेळी ती याच्या बरोबर उलट बाजूला होती, हे तिघांच्याही ध्यानात आलं.

“आणि ते तुकडे शिवले कुणी?” तिने विचारलं. “यांना तर शर्टाचं बटण लावता येत नाही.”

थोरल्याने हळूच दालनाकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे.

“आईने?” धाकटी म्हणाली.

आई ताटलीतलं बिस्किट रुमालात गुंडाळत होती. नंतर लागतं. बोळाच्या तोंडाशी उभं राहून तिघं आपल्याकडे बघताहेत हे तिने पाहिलं आणि तिला बरं वाटलं. चला, कळलं एकदाचं.

म्हातारी माणसं मुलांना फशी पडतात असं मुलांना वाटतं. थोरला ते बाहीचे कागद आणि कपाटावरचा उरलेला तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, आई, एवढं जोडून दे आणि धाकटीला बोलू नकोस. आईने एक प्रश्न विचारला नाही. शाळेच्या खेळाडूंचे कपडे चालले होते म्हणून मशीनला नारिंगी दोरा होता, तो तिने बदललासुद्धा नाही. कडा एकीवर एक चढवून टिपा मारल्या आणि इस्त्री उभी केली. थोरल्याची तिला दया आली होती हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं.

बाही मास्तरांची नव्हतीच. बाही तिची होती.

मास्तर कापायला उत्तम, बोलायला त्याहून उत्तम, पण बाहीपाशी त्यांचा हात हमखास चुकायचा. हाताला मोकळं वाटावं म्हणून ते मुंढा, म्हणजे बाही जिथे कोटाला लागते तो गोल, ऐसपैस ठेवायचे, आणि त्यानेच कोट वर चढायचा. लग्न होऊन आल्यापासून ती मशीनवर बसून हे बघत होती. एका दुपारी ते जेवून घोरत पडले असताना तिने कपाटावरचा हाताला लागला तो जाड कागद ओढला, पालथा घातला, स्वतःच्या दंडाला टेप लावली आणि मुंढा लहान करून, पार बगलेशी नेऊन, बाही कापली. मास्तर उठले. बाहीकडे बघत राहिले. त्या बाहीने त्यांनी कोट शिवला, स्वतः घालून आरशासमोर दोन्ही हात वर केले, मग एक खिळा ठोकला आणि बाही त्याला अडकवली. पुढे गिऱ्हाइकं वाहवा करायची तेव्हा ते म्हणायचे, जमतं कधीकधी. खोटं असं ते बोलले नाहीत. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि तिने मनावर घेतलं नाही.

निदान तिला तसं वाटत होतं. पण मास्तर गेले, धाकटी दुकानात बसू लागली, आणि आई वाट बघायला लागली. पोरगी हुशार आहे, एक दिवस विचारील, आई, ही बाही अशी का गं? पोरगी नुसती खडू फिरवत राहिली. मग थोरला कागद जोडून मागायला आला तेव्हा आईला वाटलं, जाऊ दे ही खिळ्यावरून. ही नसली म्हणजे तरी ती माझ्याकडे येईल.

महिना गेला. धाकटीने इस्त्रीवाल्याला विचारलं, शिवणकामाच्या कॉलेजात फोन केला, गिऱ्हाइकांच्या विनवण्या केल्या, आईच्या डोळ्यांसमोर बसून कागदांमागून कागद फाडले. आईला तिने एकदाच विचारलं, तू कुठे ठेवलीस का गं? ठेवलीस का, हे विचारलं. तुला ती कापता येते का, हे विचारलं नाही.

ते आईला फार लागलं. दुकान ती बुडू देणार नव्हतीच. पण सोमवार अजून यायचा होता. तोवर आपण होऊन तोंड उघडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि या वयातही आपल्याला इतका ताजा राग येतो याची तिला जराशी मजाच वाटत होती.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. चित्रकार आला होता.

वाळका, ताठ, काळेभोर केस, दालनातही काळा चष्मा. अंगात करडा कोट. क्युरेटरबाईंनी त्याला हाताला धरून माईकपाशी आणलं आणि त्याच्याविषयी इतकं चांगलं बोलल्या की तो दोनदा मान डोलवून स्वतःशी सहमत झाला.

“आणि हिरवी इस्त्री!” बाई म्हणाल्या. “ही कृती आजवर जगाला माहीतच नव्हती. स्वतःचंच चित्र कापायचं आणि पुन्हा शिवायचं! सर, याविषयी काही सांगाल?”

चित्रकाराने चष्मा कपाळावर चढवला आणि हिरव्या इस्त्रीकडे पाहिलं. त्याने ती अशी कापून शिवलेली उभ्या जन्मात पाहिलेली नव्हती, हे पहिल्या रांगेतून स्वच्छ दिसत होतं.

“हं,” तो म्हणाला. “त्या काळात मी फार अस्वस्थ होतो.”

टाळ्या.

“रागाच्या भरात कापलं. मग पश्चात्ताप झाला. मग शिवलं.”

“आणि छिद्र, सर?”

“छिद्र...” त्याने डोळे मिटले. “छिद्र मी तसंच राहू दिलं.”

या वेळी टाळ्या थांबेचनात. आईला हसू आवरेना. बिस्किटाचा कण तिच्या घशात गेला आणि शेजारच्या बाईंनी तिची पाठ चोळली. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने भरून आलं.

“पण या घराचं माझ्यावर खरं ऋण आहे ते हे,” चित्रकार पुढे म्हणाला आणि त्याने कोटाची कॉलर चिमटीत धरली. “खोली सोडल्यावर मास्तरांनी माझ्यासाठी शिवलेला हा कोट, त्यांच्या त्या बाहीचा पहिल्यानंतरचा दुसरा. समारंभ सोडून मी तो कधी घालत नाही. बघा!” त्याने दोन्ही हात सरळ वर केले. “हलला? तसूभर तरी हलला?”

कोट हलला नाही. हलली ती धाकटी. बोळातून निघून ती खुर्च्यांच्या कडेने थेट पुढे गेली, आणि भाषण संपवून चित्रकार पाणी पीत होता तिथे त्याच्यासमोर उभी राहिली.

“कोट द्या.”

“काय?”

“मी मास्तरांची मुलगी. एक बाही उसवते, कागदावर उतरवून घेते आणि परत लावून देते. अर्धा तास.”

“अहो बाई, माझं उद्घाटन चाललंय.”

“आणि माझं दुकान चाललंय. चाललंय म्हणजे बुडायला चाललंय. ती तुमची अस्वस्थ इस्त्री आहे ना, ती आमच्या घरात कोटाची बाही म्हणून कापली आणि माझ्या आईने मशीनवर जोडली. छिद्र खिळ्याचं. मी माईकवर जाऊन सांगू, की कोट देताय?”

चित्रकार थोर होता, आणि थोर माणसांना सौदा समजावून सांगावा लागत नाही. त्याने कोट काढून दिला. आत त्याच्या शर्टाच्या पाठीला वीतभर भोक होतं. क्युरेटरबाईंनी ते पाहिलं आणि क्षणभर त्याही विचारात पडल्या.

बोळात वहिनी घडीची खुर्ची मांडून तयार होती. तिने कोट दोन्ही हातांनी ताणून धरला आणि धाकटीने पर्समधून छोटी कात्री काढली. पहिला टाका तुटणार एवढ्यात आई आली.

“उसवू नकोस.”

“तू तर आज बोलूच नकोस, आई. महिनाभर मी मरतेय आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस?”

“विचारलं होतं! कुठे ठेवलीस का, म्हणून.”

“हो. ते विचारलंस.”

धाकटीने पुन्हा कात्री मुंढ्याशी नेली. तिने कात्री खाली केली आणि अचानक तिला रडू फुटलं.

“काय उपयोग आहे उसवून?” ती म्हणाली. “नुसता आकार मिळेल. इतकी वर्षं हिच्यावरून खडू फिरवला, पण ही अशी का आहे ते मला कळतच नाही गं. उद्या एखाद्या जाड्या माणसाचा कोट आला तर मी काय करते? तेवढीच मोठी करते आणि ती बिघडते. बाबांना विचारायला हवं होतं. राहूनच गेलं.” तिने नाक पुसलं. “तू तर रोज तिथेच असायचीस. तुला कळतं का गं हे? मुंढा इतका लहान का?”

आईने भिंतीला हात टेकला. इतकी वर्षं तयार ठेवलेलं उत्तर ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे.

“हात वर कर,” शेवटी ती म्हणाली आणि तिने धाकटीच्या बगलेत बोटं रोवली. “इथे. हाताचा सांधा इथे हलतो. मुंढा खाली, बरगडीपर्यंत उतरवलास तर हात वर जाताना अख्ख्या कोटाला बरोबर घेऊन जातो. सांध्याशी बसवलास की हात एकटा जातो. माणूस जाडा असो की बारीक, बोट इथे लावायचं आणि तिथून मोजायचं.”

“हे बाबांनी सांगितलं तुला?”

“बाबा घोरत होते.”

वहिनीला आधी उमगलं. कोट तिच्या हातातून निम्मा सुटला. “आई, म्हणजे ती बाही तुम्ही...?”

“कापली मी. नाव पडलं त्यांचं.”

धाकटी मटकन गठ्ठ्यावर बसली. तिला लाज वाटली, चेहरा झाकून घ्यावा अशी. या बाईच्या शेजारच्या मशीनवर तिचा जन्म गेला होता.

“बोलली का नाहीस गं?”

“गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघून बोलायची. मध्ये मी कुठे तोंड घालू? आणि मग वाटलं, तू विचारशील. तुझी वाट बघत बसले.” आईने डोळे पुसले नाहीत, फक्त चष्मा नीट केला. “पुरे आता. कागद आण. कोट त्या माणसाला देऊन टाक, उगाच गारठेल.”

कोट कुणी नेऊन दिला नाही. वहिनीने तो खुर्चीच्या पाठीला अडकवला, पोस्टरांचा एक गठ्ठा सोडला, एक पोस्टर फरशीवर पालथं घातलं आणि पर्समधून खडू काढला. तिच्या पर्समध्ये खडू कायम असायचा. आई गुडघ्यांवर बसली. आधी तिने धाकटीला तिच्याच दंडाचं माप घ्यायला लावलं, मग स्वतः एक रेघ ओढली आणि पुढची धाकटीला ओढायला सांगितली. ती चुकली. आईने थुंकी लावून पुसली आणि पुन्हा सांगितलं.

“आई!” थोरला धावत आला. “चल लवकर. पाटीवरचा पडदा तुझ्या हातून ओढायचाय. सगळे उभे राहिलेत, फोटोग्राफर...” त्याने खाली पाहिलं. “हे काय चाललंय?”

“बाही आईंची आहे,” वहिनी म्हणाली. “बाबांची नव्हतीच कधी.”

थोरला आळीपाळीने तिघींकडे बघत राहिला. थट्टा नाही हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

“पण दगडात कोरून झालंय,” तो म्हणाला.

“असू दे की,” आई मान वर न करता म्हणाली. “कोट त्यांचेच होते. बाही तेवढी माझी. तू ये इकडे. हा कागद सरकतोय, ते टोक धर.”

“मी धरू?”

“मग काय मी पायाने धरू?”

थोरला खाली बसला. मॉलमधला सूट बगलेत टर्रकन उसवला, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्याने दोन्ही तळहात पसरून कागदाचं टोक दाबून धरलं. आईने धाकटीच्या हातातून कात्री घेतली आणि कापायला सुरुवात केली. कात्री त्याच्या बोटांच्या जवळून, त्यांना वळसा घालून गेली. त्याने हात काढला नाही.

दाराशी क्युरेटरबाई आल्या. त्यांच्यामागे शर्टावर उभा असलेला चित्रकार होता, आणि त्याच्यामागे सगळं दालन शांत होऊन वाट बघत होतं. बाईंनी फरशीवर बसलेलं हे कुटुंब पाहिलं, कापलेलं पोस्टर पाहिलं.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “पडदा कधी उघडायचा?”

धाकटी काही बोलणार होती, पण तिच्या आधी थोरला बोलला. कागदावरचे हात त्याने तसेच ठेवले होते.

“थोडं थांबावं लागेल,” तो म्हणाला. “मास्तर कामात आहेत.”

आईची कात्री जागच्या जागी थांबली. मग तिने एकदा नाक ओढलं आणि ती मुंढ्याचा गोल कापायला लागली.